रंग कोणता, त्याआधी खाली काय?

प्रश्न : आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आहे. पॉलिश पार काळवंडलंय. मुलगी म्हणते, चॉक पेंट आण. त्याला घासायला नको, प्रायमर नको. गणपतीपूर्वी पांढरं करून घ्यावं का?
(एक गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर : चॉक पेंट ही मूळची इंग्लंडची चीज. ॲनी स्लोन यांनी १९९०मध्ये ती बाजारात आणली. जाडसर, खडूसारखा मॅट रंग. जुन्या फर्निचरवर प्रायमरशिवाय धरतो, हे खरंच आहे. पण धरणं वेगळं आणि डाग अडवणं वेगळं. सागाच्या अंगात तेल असतं, तपकिरी द्रव्यं असतात. पाण्यातला पांढरा रंग लावला की ती वर झिरपतात आणि चहा सांडल्यासारखे डाग उमटतात. त्यावर आणखी एक हात मारा, डाग पुन्हा हजर.

तेव्हा आधी आत्ता त्यावर काय आहे ते ओळखा. दाराच्या आतल्या कडेला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. बोळा तपकिरी झाला आणि बोटाला लाकूड चिकट लागलं, तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. मग तुमचं काम निम्म्याने हलकं. चपडा स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो. काळवंडलेला वरचा थर पुसून काढून नवं पॉलिश चढवता येतं. तो काळेपणा बहुतेक वेळा लाकडाचा नसतोच. हाताचा मळ आणि देवघरातली काजळी असते.

माझं मत विचाराल तर चांगल्या सागाला पांढरा रंग देऊ नये. मुलीचा हट्टच असेल, तर मेण काढलेल्या चपड्याचा एक हात आधी द्या, म्हणजे डाग खालीच राहतील. साधा चपडा नको. त्यातल्या मेणावर पाण्यातला रंग नीट पकड घेत नाही. व्हिडिओत रंगावर मेण चोळतात, तेही टाळा. मेणाचा थर मऊ राहतो, गरम कपाचा गोल डाग पटकन उठतो. पाण्यातलं मॅट व्हार्निश बरं.

आणि गणपतीपूर्वी तर काहीच नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, श्रावणातल्या हवेचा ओलावा त्यावर धरतो आणि पॉलिश पांढुरकं होतं. दसरा झाला की हात घाला. जुनं कपाट पाहून बाप्पा परत जाणार नाहीत.

प्रश्न : मुलाचा लाल-पिवळा पाळणा माळ्यावरून काढला आहे. नातवासाठी घासून नवा रंग देतोय. कोणता रंग सुरक्षित?
(एक आजोबा, नाशिक)

उत्तर : काका, घासणं आधी थांबवा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. पिवळ्या, नारिंगी, लाल छटांत तर हमखास शंका घ्यावी. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत ९०हून जास्त नसावं, असा नियम २०१६मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. तुमचा पाळणा त्याच्या फार आधीचा. शिशाने बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित मात्रा ठरलेली नाही.

कोरडं घासलं की त्या रंगाची पूड घरभर होते. आतापर्यंत जी पडली असेल ती झाडूने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. सूनबाई आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत. रंगाचा पापुद्रा प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. शिसं निघालं तर वरून नवा रंग मारून भागणार नाही, कारण दात येताना बाळ पहिला कठडाच चावतं. पाळणा आठवण म्हणून ठेवा, नातवासाठी दुसरा घ्या.

नव्या कोऱ्या लाकडासाठी पाण्यातला एनॅमल घ्या, डब्यावर शिशाची मर्यादा छापलेली पाहून. गॅरेजवाल्याकडचा उरलेला गाडीचा रंग मुळीच नको. वरचा नियम घरगुती रंगांपुरताच आहे. रंग हाताला कोरडा लागला तरी पुरता घट्ट व्हायला काही आठवडे जातात. बाळाला त्यानंतरच निजवा.

प्रश्न : सनमायकाच्या टेबलाला ऑइल पेंटचे दोन हात दिले. आता नखाने पापुद्रे निघतात.
(डोंबिवली)

उत्तर : निघणारच. सनमायका रंग शोषत नाही, आणि त्यावर तेलकट थरही असतो. सगळं खरवडून काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मरेपर्यंत घासा आणि गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा खास प्रायमर लावा. त्यावर रंगाचे पातळ दोन हात. हे शोकेसला, कपाटाच्या दारांना टिकेल. जेवणाच्या टेबलासाठी मात्र नवा सनमायका चिकटवून घेतलेला बरा.

प्रश्न : गणपतीच्या चौरंगाला सोनेरी पावडर व्हार्निशमध्ये कालवून लावली होती. वर्षात हिरवट-काळी पडली. पावडर भेसळीची होती का?
(कोल्हापूर)

उत्तर : दुकानदाराला दोष देऊ नका. ही पावडर बहुधा पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्ताची असते. हवा, घाम, तेल, पंचामृताचे थेंब लागले की तांबं आपला गुण दाखवतं. अभ्रकावर आधारलेला ॲक्रिलिक सोनेरी रंग मिळतो, तो काळा पडत नाही. झळाळी पितळेइतकी नाही, हे मान्य करून घ्यावं लागतं. खाली पिवळ्या मातकट रंगाचा एक हात दिलात तर सोनेरी कमी लागतो आणि खुलतोही जास्त. वरून पारदर्शक व्हार्निश द्या आणि पूजेच्या वेळी लाल कापड अंथरा.