अंधारात उजळणारा दगड

मुलांनो, तुम्ही पत्र्याची बादली पाहिली असेल. ती लोखंडाची असते, पण लवकर गंजत नाही. तिच्यावर जस्ताचा पातळ थर असतो. हे जस्त खाणीतल्या खनिजांपासून मिळते. अशाच एका खनिजाची माहिती आज आपण वाचू या.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात फ्रँकलिन नावाचे गाव आहे. तेथे जस्ताची मोठी खाण होती. त्या खाणीत विलेमाइट हे खनिज सापडे. विलेमाइट म्हणजे जस्ताचे सिलिकेट. त्यात जस्त, सिलिकॉन आणि ऑक्सिजन ही मूलद्रव्ये असतात.

खाणीतला दगड कारखान्यात नेऊन बारीक करत. त्यातील जस्ताच्या खनिजांचे कण वेगळे काढत आणि उरलेला चुरा टाकून देत. पण एक अडचण होती. विलेमाइटचे कण पुष्कळदा फिकट असत. चुऱ्यातले कॅल्साइटचे कणही पांढरेच! त्यामुळे चुऱ्याबरोबर किती विलेमाइट वाया जाते, हे नुसत्या डोळ्यांना कळत नसे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर उपाय सापडला. लोखंडाच्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडली, की तिच्यातून अतिनील किरण निघतात. अंधारात हे किरण चुऱ्यावर सोडले आणि काय आश्चर्य! विलेमाइटचे कण हिरवेगार चमकू लागले. कॅल्साइटचे कण तांबडे दिसू लागले. हिरवे ठिपके जास्त दिसले, की कामगार समजत, 'जस्त वाया जात आहे.' मग ते यंत्रे नीट करत.

असे का होते? अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत. विलेमाइटमध्ये मँगनीजचा थोडासा अंश मिसळलेला असतो. मँगनीजचे अणू या किरणांची ऊर्जा घेतात आणि तिचा काही भाग हिरव्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. मँगनीज नसेल, तर हा हिरवा प्रकाश दिसत नाही. ट्यूबलाइटमध्येही असेच घडते. नळीत अतिनील किरण तयार होतात आणि काचेच्या आतल्या बाजूची पांढरी भुकटी त्यांचा दिसणारा प्रकाश बनवते.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. अतिनील दिव्याकडे कधीही थेट पाहू नका. त्याने डोळ्यांना इजा होते.

फ्रँकलिनची खाण १९५४ साली बंद झाली. जवळच्या स्टर्लिंग हिल खाणीतले काम १९८६ साली थांबले. १९९० साली तेथे संग्रहालय सुरू झाले. प्रेक्षक बोगद्यात जातात. साधे दिवे विझतात, अतिनील दिवे लागतात आणि करड्या भिंती हिरव्या-तांबड्या रंगांनी उजळतात. ते रंग दगडातच असतात. ते दिसायला योग्य प्रकाश मात्र हवा.

शब्दार्थ
टाकाऊ – निरुपयोगी
अंश – थोडा भाग
इजा – दुखापत
करडा – राखेसारख्या रंगाचा

स्वाध्याय
१. पत्र्याची बादली लवकर का गंजत नाही?
२. चुऱ्यात हिरवे ठिपके जास्त दिसले, तर कामगार काय समजत?
३. विलेमाइट हिरवे का चमकते?
४. वाक्यात उपयोग करा : वाया जाणे, लक्षात ठेवणे.