मुंगी ओळखावी कशी?

कोकणातील एखाद्या घराच्या परसात, केळीच्या आळ्यापाशी घटकाभर बसले, तर मुंग्यांची रांग दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. 'काळ्या मुंग्या आहेत' किंवा 'लाल मुंग्या आहेत' असे म्हणून पाहणारा उठून जातो. परंतु केवळ रंगावर विसंबणारा हमखास फसतो. मुंगीची खरी ओळख तिच्या कंबरेत असते.

एखादे साधे भिंग घेऊन पाहावे. मुंगीची छाती आणि पोट यांच्यामध्ये सुतासारखी बारीक कंबर असून तिच्यावर एक किंवा दोन गाठी असतात. त्या आधी मोजाव्यात. झाडाच्या बुंध्यावरून चढउतार करणाऱ्या मोठ्या काळ्या मुंगळ्याला एकच गाठ असते. त्याला नांगी नसते. तो जबड्याने चावा घेतो व त्या जागी आम्ल सोडतो. भुसभुशीत मातीत बीळ करून राहणाऱ्या लहान लाल मुंगीला मात्र दोन गाठी असतात. ती नांगीने डंख करते. तिच्या बिळावर अनवाणी पाय पडला, म्हणजे ही शास्त्रीय माहिती फार लवकर पटते!

आंब्यावरची ओंबीलही तांबडीच; पण तिला गाठ एकच. म्हणून ती मुंगळ्याची जवळची नातलग होय, लाल मुंगीची नव्हे. तिचे घर पाहण्याजोगे असते. अनेक ओंबिली पानाची कड धरून ओढतात; अंतर अधिक असले, तर एकमेकींची कंबर धरून साखळी करतात. पाने जुळली, की दुसऱ्या ओंबिली आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात आणि अळीच्या तोंडून निघणाऱ्या रेशमी धाग्याने ती पाने शिवतात. सुई म्हणावी तीही अळी, आणि दोराही तिच्याच तोंडातला!

याच झाडावर कधी एखादी 'ओंबील' रांगेपासून दूर, एकटीच हिंडताना आढळते. तिचे पाय मोजावेत. ते आठ भरले, तर ती मुंगी नव्हेच. पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून ओंबिलीचे सोंग घेतलेला तो कोळी होय.

याहून मोठी फसगत पहिल्या पावसानंतर होते. तिन्हीसांजेस दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात. 'मुंग्यांना पंख फुटले,' असे म्हणून घरची माणसे दिवा मालवतात. मुंग्यांना पंख फुटतात हे खरे. पण येथेही कंबरच पाहावी. कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या हातासारख्या आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतील, तर ती मुंगी. कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतील, तर ती वाळवी. मुंगी गांधीलमाशीच्या कुळातली, तर वाळवी झुरळाच्या. सकाळी उंबऱ्यापाशी वाळवीच्या गळलेल्या पंखांचा ढीग दिसला, तर केरसुणी हाती घेण्यापूर्वी ती अंगणातील मातीतून निघाली की दाराच्या चौकटीतून, हे शोधावे. चौकटीवर बोटाने ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, तर घरातील वडील माणसांना त्याच दिवशी सांगावे.