ट्रे नागपूरला जाणार आहे



ताईच्या लग्नात स्वतः केलेला सागवानी ट्रे द्यायचा, हा तुझा बेत मामाला पसंत आहे. फक्त एक ध्यानात ठेव. ट्रे तयार होणार कोकणात, ऐन श्रावणात, आणि राबणार नागपूरच्या उन्हाळ्यात.

लाकूड चिरून रंधलं तरी हवेतला दमटपणा शोषणं नि सोडणं थांबवत नाही. ते फुगतं-आकसतं मुख्यतः रुंदीत. रेषेच्या दिशेने, लांबीत पडणारा फरक नगण्य. पावसाळ्यात तीस सेंटिमीटर भरलेली सागाची फळी नागपूरच्या मे महिन्यात दोन-चार मिलिमीटर सहज कमी भरते. तिला चारही बाजूंनी फेव्हिकॉल लावून जखडलं, तर ती मधोमध तडकते.

जुन्या कपाटांची दारं निरखून बघ. मधली फळी चौकटीच्या खोबणीत नुसती सरकवलेली असते. ना सरस, ना खिळा. उन्हाळ्यात तिच्या कडेला कधीकधी पॉलिश न लागलेली बारीक, फिकट पट्टी उघडी पडते. तेवढी फळी आकसली, पण फाटली नाही. ट्रेचा तळही असाच मोकळा बसवावा आणि जोडणीआधीच त्याला पॉलिश करावं, म्हणजे ती फिकट पट्टीही दिसायची नाही. मात्र पावसाळ्यात फळी आधीच फुगलेली असते, तेव्हा खोबण जरा खोल घे, नाहीतर आकसल्यावर कड खोबणीतून बाहेर येईल.

एवढा खटाटोप नको असेल तर तळाला सहा मिलिमीटरचा प्लायवूड वापर. त्याचे पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात. वजनही आवाक्यात राहतं. ४५ बाय ३० सेंटिमीटरचा, बारा मिलिमीटर जाडीचा सागवानी तळ एकटाच किलोभर भरतो; त्यावर सहा कप-बशा नि किटली ठेवून उचलणार कोण?

साग महाग वाटला तर फणसाचं लाकूड चालेल. ते ताजं असताना पिवळंधमक असतं, पुढे तांबूस होतं. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं पांगाऱ्यासारख्या हलक्या, मऊ लाकडाचीही होतात, पण ट्रेच्या कडांना तो मऊपणा सोसणार नाही.

मुठीची भोकं दहा-अकरा सेंटिमीटर लांब आणि तीनेक सेंटिमीटर उंच ठेव; चारही बोटं आत गेली पाहिजेत. आतल्या कडा पॉलिश पेपरने गोल कर. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०, आणि हात कायम रेषेच्या दिशेने.

चपड्याचं पॉलिश दिसतं सुरेख, पण गरम कप टेकला की पांढरं वर्तुळ उमटतं. चहाच्या ट्रेला पीयू बरं. जवसाचं तेल लावलंस तर चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या अंगणात सुट्या पसरून वाळव, मगच टाक.

नाव-तारीख तळाच्या खालच्या बाजूला कोर. ताईला सांग, ट्रे ओल्या फडक्याने पुसावा, सिंकमध्ये बुडवून ठेवू नये. जोडणी करायच्या आधी सगळे तुकडे एकदा मामाला दाखवून जा.

कळावे.
तुझा मामा