घर्षणानें सांधलेले धातु

रस्त्यावरील खांबापासून आपल्या मीटरपर्यंत येणारी विजेची केबल पुष्कळ ठिकाणीं अल्युमिनियमची असते, आणि भिंतींतून खेळविलेल्या तारा तांब्याच्या असतात. असें कां, हें सांगणें कठीण नाहीं. सारख्या आकारमानाचे दोन तुकडे घेतले तर अल्युमिनियमचें वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी भरतें. आणि सारख्या जाडीच्या तारेंतून वीज वाहून नेण्याची त्याची शक्ति तांब्याच्या सुमारें तीन-पंचमांश आहे. म्हणून लांबच्या तारेस हलकें व स्वस्त अल्युमिनियम बरें, आणि भिंतींतील अरुंद नळींत बारीक पण समर्थ असें तांबें बरें. परंतु कोठें तरी ह्या दोहोंची गांठ पडणारच, आणि सारी अडचण त्या गांठींतच आहे.

कित्येक घरांतून ही गांठ दोन तारा एकमेकींस पिळून व वर चिकटपट्टी गुंडाळून मारलेली आम्हीं पाहिली आहे. वरून ती नीटनेटकी दिसते. आंत काय चालतें तें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. अल्युमिनियमला हवा लागतांच त्यावर एक पातळ, कठीण पापुद्रा चढतो, आणि तो विजेला वाट देत नाहीं. शिवाय तार तापली कीं वाढते: एक मीटर लांबीची कांब १०० अंशांनीं तापविली तर अल्युमिनियमची सुमारें २.३ मिलिमीटर वाढते, तांब्याची १.७ मिलिमीटर. ह्या असमान वाढीमुळें तापतां-निवतां गांठ सैल पडते. त्यांत पावसाळ्याची ओल शिरली म्हणजे दोन भिन्न धातु व मध्यें पाणी, असा प्रयोगशाळेंतील व्होल्टाचा घटच तयार होतो. तेथें जस्त झिजतें, येथें अल्युमिनियम. सैल गांठ तापते, तापली म्हणून अधिक सैल होते, आणि एखादे दिवशीं त्या चिकटपट्टीसच आग लागते.

मग दोन्ही धातु वितळवून एकजीव कां करूं नयेत, असें कोणी चतुर विद्यार्थी विचारील. अल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतें, तांबें १०८५ अंशांना. एकाचें पाणी झालें तरी दुसरें घट्टच. तो पापुद्रा तर २००० अंशांनाहि दाद देत नाहीं. पण खरी मेख पुढेंच आहे. दोन्ही रस एकत्र झाले कीं त्यांपासून नवीं संयुगें बनतात. त्यांपैकीं एकांत तांब्याच्या एका अणूमागें अल्युमिनियमचे दोन अणु असतात. तांबें हातोड्याखालीं वाकतें, अल्युमिनियमहि वाकतें. परंतु त्यांचें हें अपत्य काचेसारखें ठिसूळ, आणि विजेस दोघांहूनहि अधिक अडविणारें! तेव्हां उष्णता हवी, पण वितळण्याइतकी नको; आणि तीहि क्षणभरच.

अशी उष्णता घर्षणापासून मिळते. काउंट रमफर्ड यांनीं म्युनिक येथें तोफेची नळी कोरतांना निघालेल्या उष्णतेनें पाणी उकळवून दाखविलें व तो वृत्तान्त १७९८ सालीं प्रसिद्ध केला, हें पदार्थविज्ञानाच्या वर्गांत आपण ऐकलेंच असेल. ह्या उष्णतेनें सांधा करण्याचें एक पेटंट अमेरिकेंत १८९१ सालीं बेव्हिंग्टन यांस मिळालें. तथापि ही रीत कारखान्यांत रुजली ती १९५६ सालीं सोव्हिएट संघांतील चुदिकोव्ह नांवाच्या एका यंत्रकामगारानें ती करून दाखविल्यानंतर.

लेथसारख्या यंत्रांत एक कांब वेगानें फिरती ठेवितात, दुसरी स्थिर धरून तिच्यावर दाबतात. तोंडास तोंड घांसून तीं लाल होण्यापूर्वींच अल्युमिनियम लोण्यासारखें मऊ होतें, आणि दाबाखालीं बाहेर सरकून सांध्याभोंवतीं कंकणासारखें वळतें. जुना पापुद्रा, मळ, सर्व कांहीं त्या कंकणाबरोबर बाहेर पडतें आणि आंत कोरे धातु एकमेकांस भिडतात. लागलीच फिरणें एकदम थांबवितात आणि दाब वाढवितात. हें सर्व कांहीं सेकंदांत आटोपतें. ठिसूळ संयुग येथेंहि बनतें, पण त्याचा थर वाढण्यास अवकाशच मिळत नाहीं. तो मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांच्या आंत राहिला तर सांधा उत्तम. असा सांधा वांकविला किंवा ताणला तर जोडावर न तुटतां शेजारच्या अल्युमिनियमांत तुटतो.

पत्र्यांस मात्र असें फिरवितां येत नाहीं. त्यांच्यासाठीं १९९१ सालीं इंग्लंडांत केंब्रिजजवळील वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्यें दुसरी युक्ति निघाली: फिरती कठीण खुंटी दोन पत्र्यांच्या फटींत रोवून पुढें नेतात आणि धातु कणकेसारखे मळले जातात. तांबें-अल्युमिनियमच्या पत्र्यांत ती खुंटी मऊ अल्युमिनियमच्या बाजूस सरकवून चालवितात.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. विजेच्या सामानाच्या दुकानांत अर्धा पांढरा व अर्धा तांबडा असा एक लग मिळतो. पुष्कळदां ह्याच घर्षणाच्या रीतीनें तो सांधलेला असतो. पांढऱ्या नळींत अल्युमिनियमची केबल दाबून बसवावयाची आणि तांबडें पान तांब्याच्या पट्टीस बोल्टानें आवळावयाचें. केबलच्या जाडीस जुळेल असाच लग घ्यावा. कारण लहान लग फार तापला तर तो ठिसूळ थर पुनः हळूहळू वाढूं लागतो. मीटरजवळ तारांची नुसती पिळलेली गांठ दिसल्यास तिला हात न लावितां परवानाधारक वायरमनास बोलवावें आणि असा लग आपल्या जोडणीस लावितां येईल काय, हें त्यास विचारावें.