गंजापेक्षा घाई वाईट

ठाणे-डोंबिवलीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास धडाक्यात चालू आहे. घर रिकामं करायची तारीख आली की माळ्यावरचं सगळं खाली उतरतं. त्यात कधी आजोबांची हत्यारांची पेटी निघते: रंधा, पटाश्या, गुण्या, खतावणी, गिरमिट. भंगारवाला ती लोखंडाच्या भावाने उचलून नेतो. अशी हत्यारं मिळवून, साफ करून वापरण्याचा मला नाद आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. वर्षानुवर्षं माळ्यावर गंजलेलं हत्यार बहुधा वाचतं. पण साफ करणाऱ्याने घाई केली तर तेच हत्यार एका दुपारीत कामातून जातं.

आपल्या भागात चांगली हत्यारं सापडतात, याला कारण आहे. परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपांतले कित्येक कारागीर मध्य रेल्वेच्या याच मार्गावर घरं करून राहिले. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट उभी राहिली. कारखान्यांना ओतीव भाग लागत, ओतकामाला लाकडी साचे लागत आणि साचे करणाऱ्या पॅटर्नमेकरची हत्यारं सुताराच्या हत्यारांपेक्षाही नाजूक, जपलेली असत. म्हणून चोरबाजारात जाऊन शौकिनांचा भाव मोजण्याआधी आपल्या सोसायटीत, नातेवाइकांत, निवृत्त कामगारांच्या घरी विचारा.

भंगारातून घेताना मात्र हत्यारावरचा शिक्का बघा. रेल्वेची खूण असेल आणि विकणाऱ्याकडे लिलावाचा कागद नसेल, तर कितीही देखणं असलं तरी ते तिथेच ठेवा. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा 1966 सालचा आहे. चोरीच्या संशयाची रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती रीतसर मिळवल्याचं तुम्हालाच दाखवावं लागतं. पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

घेताना गंजाला भिऊ नका, पण तो कुठे आहे ते बघा. वरवरचा तांबूस थर निघतो. पात्याच्या पाठीवर, धारेजवळ खोल खड्डे पडले असतील तर मात्र प्रत्येक वेळी धारेत खाच येणार. जुन्या पात्यांत पुष्कळदा मऊ लोखंडाला पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. कडेला पाणीपेपर फिरवला की जोडाची रेघ दिसते. ते पोलाद झिजून संपलं असेल, तर उरलेलं पातं कितीही लांब असो, उपयोगाचं नाही. लोखंडी रंधा घेताना पात्याच्या फटीच्या दोन्ही कोपऱ्यांत तडा शोधा. बीड ठिसूळ असतं, रंधा हातातून पडला की तिथेच तडकतो. नवा रंग चकचकीत दिसला की मी आता आधी संशय घेतो. मला एका विक्रेत्याने दिलेल्या रंध्यावरचा हिरवा रंग निघाला, तेव्हा खाली पितळेने सांधलेला तडा होता.

गंज काढायला संडासाचं ॲसिड वापरू नका. ते गंजाबरोबर लोखंडही खातं आणि त्याच्या वाफेने त्याच खोलीतली बाकीची हत्यारं गंजतात. त्यापेक्षा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, बरं. एक लिटर पाण्यात साधारण 50 ग्रॅम पुरे. हत्यार त्यात टाकून विसरू नका. दर काही तासांनी काढून ब्रशने घासा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच पुसा, वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. ओलं ठेवलंत तर आपल्या हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होतं. लाकडी रंधा मात्र पाण्यात कधीच घालू नका. त्याची पाचर सैल करायला मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ग्राइंडर. एका धार लावणाऱ्याकडे मी जुन्या रंध्याचं पातं दिलं होतं. त्याने चाकावर ठिणग्या उडवत ते चटकन चमकवून दिलं. कड निळी झाली होती. ओळखीच्या मिस्त्रींना दाखवलं, तर ते म्हणाले, "अहो, निळं झालं म्हणजे तेवढं मेलं." ते खरंच आहे. साधं कार्बन पोलाद 300 अंश सेल्सियसच्या आसपास तापलं की निळं पडतं आणि त्याची कठीणता उतरते. अशी धार सागवानावरही टिकत नाही. निळा भाग पूर्ण घासून काढणं एवढाच उपाय उरतो. म्हणून धार ऑइलस्टोनवर, हाताने, 25 ते 30 अंशांच्या कोनात लावा. चाक लागलंच तर पातं हलकं टेकवा आणि पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवा.

पॅटर्नमेकरच्या पेटीतली मोजपट्टीही तपासून घ्या. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून साचा मुद्दाम थोडा मोठा करतात. त्यासाठीची पट्टी फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब असते. दिसायला ती अगदी साध्या पट्टीसारखीच. तिच्यावर आणि घरातल्या टेपवर मिळून कपाट करायला घेतलंत, तर दारं चौकटीत बसणार नाहीत. पट्टी टेपशेजारी धरून बघा आणि वेगळी ठेवा.

मुठींचा जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि घरात मुलं असतात. उघड्या लाकडाला अळशीचं तेल छान, पण त्या तेलाचे बोळे गोळा करून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मगच टाका. जूनआधी प्रत्येक पात्याला तेल लावा. पेटी बाथरूमवरच्या माळ्यावर नको, आणि हत्यारं प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत दमटपणा कोंडतो.

तुमच्या घरी अशी पेटी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखवा. घरात वापरणारं कोणी नसेल, तर जवळच्या आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात विचारा. तिथे हात शिकणारे आहेत; त्यांना चांगलं पोलाद द्या.