वाचनाचा नेम आणि ग्रंथाची निवड

पंढरपुराहून परतणाऱ्या वारकऱ्याच्या पडशीत प्रसादाचे चुरमुरे असतात, बुक्का-कुंकवाच्या पुड्या असतात, आणि बहुधा एखादे पुस्तकही असते. चुरमुरे घरोघर वाटले जातात, बुक्का रोज कपाळी लागतो. पुस्तकाचे पुढे काय होते? दुसऱ्याचे कशाला सांगावे! रिसोडास आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात अशी एकवीस पुस्तके साचली होती. दर आषाढीस एकाची भर.

मागे एका वर्षी आषाढीपूर्वी शेगावची पालखी रिसोडास आली, तेव्हा घरचा मुलगा प्रथमच पायी वारीस निघाला. त्याने फडताळ उघडून विचारले, "बाबा, वाटंत वाचायला यातलं कोणतं नेऊ? तुमचं कोणतं वाचून झालं?" आम्ही एकेक पुस्तक हाती घेतले. एकात खूण दहाव्या पानावर, दुसऱ्यात पंधराव्या. शेवटपर्यंत वाचलेले एकही निघाले नाही. गळ्यात माळ घालून इतकी वर्षे झाली, आणि पोराच्या हाती खात्रीने द्यावा असा एक ग्रंथ आम्हांस सांगता येईना! त्या लाजेतून पुढे जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, ग्रंथ थोडे धरावेत. एकाच वावरात दहा पिके पेरली की एकही धड हाती येत नाही. आपल्या संप्रदायाने ही निवड पूर्वीच करून ठेवली आहे. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकोबारायांची गाथा ही वारकऱ्यांची प्रस्थानत्रयी होय. बाकीचे वाचू नये असे नव्हे. पण घराला आधी खांब लागतात, मग कोनाडे.

दुसरी गोष्ट, ग्रंथ हाती घेण्यापूर्वी त्याचे माप घ्यावे. ज्ञानेश्वरीचे अध्याय १८ आणि ओव्या सुमारे ९,०००. रोज २५ ओव्या अर्थासह वाचल्या तर ३६० दिवस लागतात. म्हणजे एका आषाढीस धरलेला ग्रंथ पुढच्या आषाढीस पुरा. एकनाथी भागवत ही भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका. तिचे अध्याय ३१ आणि ओव्या १८,००० हून अधिक. त्याच चालीने दोन वर्षे व थोडे दिवस. गाथेत अभंग सुमारे साडेचार हजार. रोज ५ धरले तर अडीच वर्षे. एकंदर साडेपाच-पावणेसहा वर्षांत तिन्ही ग्रंथ होतात. आमची एकवीस वर्षे खुणा घालण्यात गेली. तेवढ्यात तीन आवृत्त्या सहज झाल्या असत्या. हिशोब कळला तेव्हा रात्री झोप आली नाही.

तिसरी गोष्ट, सुरुवात आपल्या अधिकाराप्रमाणे करावी. नवख्याने एकदम सहावा अध्याय उघडला तर त्यातील योगमार्गाचे वर्णन जड वाटते, आणि तो पुस्तक मिटतो. त्याने आधी रोजचा हरिपाठ पक्का करावा. मग भक्तियोगाचा बारावा अध्याय घ्यावा. त्याच्या ओव्या सुमारे अडीचशे, म्हणजे दहा दिवसांचे काम. एक अध्याय पुरा झाला की मनाला धीर येतो. त्यानंतर पहिल्यापासून क्रमाने जावे.

चौथी गोष्ट, प्रत पाहून घ्यावी. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे नकला होता होता पाठ बिघडले, तेव्हा नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली. नाथांना प्रतीची एवढी काळजी, आणि आपण रंगीत वेष्टन पाहून पुस्तक उचलावे, हे बरे नव्हे. मूळ ओवी आणि खाली अर्थ, अशी सार्थ प्रत घ्यावी. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी आणि जोगमहाराजांची सार्थ गाथा अनेक वारकऱ्यांच्या घरी आहे. अक्षर ठळक असावे. दिव्याखाली म्हाताऱ्या डोळ्यांना दिसले पाहिजे. नुसत्या चमत्कारांच्या गोष्टींनी भरलेल्या पुस्तकाला मूळ ग्रंथाची जागा देऊ नये.

पाचवी गोष्ट आमच्या भागातील वारकऱ्यांसाठी. आपली वाट हीच वाचनाची अनुक्रमणिका आहे! रिसोड सोडले की सेनगावावरून नर्सी येते. नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून तिचा मान. पुढे औंढा नागनाथ, जिथे विसोबा खेचरांची आठवण होते. परभणीवरून गंगाखेड, ते जनाबाईंचे गाव. शेवटी मंगळवेढे, चोखोबारायांचे. ज्याला ओव्यांचा मोठा ग्रंथ झेपत नाही, त्याने निघण्याच्या आधीच्या महिन्यात या संतांचे अभंग वाटेच्या क्रमाने वाचावेत. मग नर्सीला पोचल्यावर ते केवळ मुक्कामाचे गाव राहत नाही. नामदेवांच्या गाथेत मात्र पुढच्या काळातील इतर 'नामा' कवींचे अभंगही मिसळले आहेत. संशय आला तर जाणत्याला विचारावे. शासनाने १९७० मध्ये काढलेली नामदेवगाथा पाहण्यास उपयोगी आहे.

कोणी म्हणेल, "आम्ही सप्ताहात पारायण करतो, मग रोजचा नेम कशाला?" पारायण अवश्य करावे. पण सात दिवसांत ९,००० ओव्या म्हणजे दिवसाला जवळजवळ १,३०० होतात. त्यात श्रवणाचे पुण्य आहे, एका ओवीजवळ थांबायला सवड नाही. पारायण हे वळवाच्या पावसासारखे, नेम हा झिरपणाऱ्या पावसासारखा. मुळापर्यंत दुसराच पोचतो.

दुसरा म्हणेल, "सोयाबीनची सोंगणी आली की पाठ टेकायला वेळ नाही, वाचू केव्हा?" खरे आहे. त्या पंधरवड्यात एकच ओवी वाचावी, पण ग्रंथ उघडावा. नेम लहान झाला तरी चालतो, तुटला की पुन्हा सांधत नाही. आणि ज्या माउलीला अक्षरओळख नाही, तिच्याजवळ बसून घरच्या लेकराने मोठ्याने वाचावे. त्यात दोघांचाही नेम होतो.

शेवटची कसोटी अशी : महिनाभर वाचल्यावर घरच्यांना विचारावे, आमचा राग काही उणा झाला का? बांधावरून शेजाऱ्याशी बोलताना जीभ सावरते का? ज्या ग्रंथाने एवढे घडते, तो आपल्यासाठी योग्य. पुढचा ग्रंथ तोवर मागू नये.

त्या वर्षी मुलाने हरिपाठ आणि नामदेवरायांचे थोडे अभंग बरोबर नेले. आम्ही त्याच आषाढी एकादशीस ज्ञानेश्वरी धरली. फडताळातील इतर पुस्तके भजनी मंडळात दिली. पुढच्या वर्षी पंढरपुरास आम्ही पुस्तक घेतले नाही. चुरमुरे आणि बुक्का तेवढा आणला. घरी आल्यावर मुलाने विचारले, "औंदा पुस्तक नाही आणलं?" आम्ही म्हणालो, "घरातलं एक वाचून झालं. आता हे तू घे."

रामकृष्णहरि!