घरांतील दोन दूरचित्रवाणी संच बिनतारी रीतीनें जोडतांना

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर सोडलें म्हणजे पुढचें स्टेशन वांगणी. स्टेशनाबाहेर पडून गांवांत शिरतांना ज्या चाळी व इमारती दिसतात, त्यांतील कित्येक घरांत आतां एकाऐवजीं दोन दूरचित्रवाणी संच आढळतात. ह्याचें कारण श्रीमंती नव्हे. नवा संच घेतला म्हणजे जुना टाकून देववत नाहीं. तो मागच्या खोलींत आजीच्या खाटेसमोर जाऊन बसतो. मग प्रश्न उभा राहतो. छपरावरील डिश एक, सेट-टॉप बॉक्स एक, आणि संच मात्र दोन. भिंतीस भोंक पाडून तार नेण्यास घरमालक राजी नसतो. अशा वेळीं दुकानदार दोन लहानशा डब्या पुढें ठेवतो व म्हणतो, "एक इकडे लावा, एक तिकडे लावा, काम झालें!" काम खरोखर होतें काय, हें ठरविण्यास लागणारें थोडें शास्त्र व थोडा व्यवहार आम्ही ह्या लेखांत सांगणार आहों.

वांगणीच्या विद्यार्थ्यांनीं ह्या विषयाकडे लक्ष देण्यास एक विशेष कारण आहे. ह्या गांवांत अंध स्त्रीपुरुषांचीं पुष्कळ कुटुंबें राहतात. त्यांतील अनेकजण लोकल गाड्यांत लहानसहान वस्तू विकून आपला संसार स्वाभिमानानें चालवितात. अंध मनुष्यास दूरचित्रवाणीचा काय उपयोग, असें ज्यास वाटतें त्यानें क्रिकेटचा सामना चालू असतां अशा घरीं एकदां जाऊन बसावें. बातम्या, मालिका, सामने हें सर्व तेथें कानांनीं पाहिलें जातें. म्हणून बिनतारी साधनाची परीक्षा केवळ डोळ्यांनीं करून भागत नाहीं, कानांनींही करावी लागते. ही गोष्ट वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावी.

भिंतीपलीकडे तारेवांचून संदेश पोंचविण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाहीं. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास विद्युत्तरंगांच्या साह्यानें भिंतीआड ठेवलेली घंटा वाजवून दाखविली. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर लाफों यांच्या हाताखालीं त्यांचें पदार्थविज्ञानाचें प्रारंभिक शिक्षण झालें होतें. पुढें त्यांनीं सुमारें पांच मिलिमीटर इतक्या आंखूड तरंगांवरही प्रयोग केले. हे पांच मिलिमीटरचे तरंग पुढें आपल्या विषयांत पुन्हां भेटणार आहेत. मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें तें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. त्या काळीं एका संचापुढें सारी आळी जमत असे. आतां एका घरांत दोन संच जुळविण्याचा प्रश्न पडला आहे!

प्रथम ओझें किती तें पाहूं. हल्लींच्या साधारण मोठ्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदु असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६०० बिंदु झाले. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ अंक लागतात व सेकंदास ६० चित्रें पाठवावीं लागतात. ह्यांचा गुणाकार केला तर दर सेकंदास २,९८,५९,८४,००० अंक, म्हणजे सुमारें तीन अब्ज अंक, भिंतीपलीकडे न्यावयाचे असतात. घरांतील सामान्य बिनतारी यंत्रास इतकें ओझें पेलत नाहीं. म्हणून बहुतेक डब्या चित्राची घडी घालून तें लहान करतात. एका चित्रांतून दुसऱ्या चित्रांत जेवढें बदलतें तेवढेंच मुख्यतः पाठवितात व पलीकडची डबी घडी उलगडून चित्र पूर्ववत् करते. अशा रीतीनें तीन अब्जांचें काम सुमारें एक कोटि अंकांत भागतें. परंतु घडी घालण्यास व उलगडण्यास वेळ लागतो. हा वेळ एक दशांश सेकंद, कधीं त्याहूनही अधिक असतो. तो कोणास कसा भोंवतो, हें पुढें पाहूं.

आतां साधनांचे प्रकार सांगतों.

पहिला प्रकार डब्यांच्या जोडीचा. एक डबी सेट-टॉप बॉक्सच्या एच.डी.एम.आय. तोंडास लागते व दुसरी मागच्या संचास. बसविणें सोपें, इंटरनेटची गरज नाहीं. ह्यांतील कांहीं जोड्या चित्राची घडी घालतात, तर कांहीं महागड्या जोड्या घडी न घालतां किंवा अगदीं अल्प विलंबानें चित्र पोंचवितात.

दुसरा प्रकार घरच्या वाय-फायचा. दोन्ही संच इंटरनेटला जोडतां येत असले तर प्रत्येक संच आपला कार्यक्रम आपणच आणतो. जुन्या संचास एच.डी.एम.आय. तोंड असल्यास त्यांत बसणारी लहानशी कांडी मिळते. ह्यांत दोन खोल्यांत दोन वेगळे कार्यक्रम पाहतां येतात, हा मोठा लाभ. मात्र इंटरनेटचा खर्च वाढतो. शिवाय चालू सामना इंटरनेटवरून कांहीं सेकंद उशिरां पोंचतो, त्यामुळें शेजारच्या घरांत गडी बाद झाल्याची आरोळी आधीं ऐकूं येते व आपल्या घरीं चेंडू नंतर पडतो!

तिसरा प्रकार जुन्या धर्तीच्या डब्यांचा. पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या तारांचीं तोंडें असलेल्या जुन्या संचांस त्या लागतात. त्यांचा विलंब नगण्य. परंतु चित्र धूसर, आणि शेजारीं वाय-फाय सुरू झालें कीं त्यावर रेघा उमटतात. स्वस्त मिळतात म्हणून त्या घेण्याचा मोह आवरावा.

ह्यानंतर भिंतीचा विचार. बिनतारी तरंग जितका आंखूड, तितकें अधिक ओझें त्यावर लादतां येतें. परंतु तितकाच तो अडथळ्यापुढें दुबळा ठरतो. २.४ गिगाहर्ट्झचा तरंग साडेबारा सेंटिमीटर लांब असतो. तो विटांच्या भिंतींतून बऱ्यापैकीं पार जातो. पण ह्या पट्ट्यांत परस्परांस न अडविणाऱ्या वाटा तीनच, व चाळींतील प्रत्येक घराचें वाय-फाय त्याच वाटांवर गर्दी करतें. ५ गिगाहर्ट्झचा तरंग पांच ते सहा सेंटिमीटरचा. त्यास जागा अधिक, गर्दी कमी. मात्र एकदोन भिंतींत त्याचें बळ बरेंच ओसरतें. ६० गिगाहर्ट्झचा तरंग म्हणजे बोस यांचाच पांच मिलिमीटरचा तरंग. तो तीन अब्ज अंकांचें ओझें सहज वाहतो. परंतु भिंत तर राहोच, मध्यें माणूस उभा राहिला तरी अडतो. एकाच खोलींत तो उत्तम, दोन खोल्यांसाठीं निरुपयोगी. आपल्या देशांत सर्वसाधारण नागरिकास परवान्यावांचून २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालापासून व ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ सालापासून मोकळा झाला आहे. परदेशांतून कोणी डब्या आणून दिल्या तर त्या ह्याच पट्ट्यांत चालतात कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

आपल्याकडील घरांत आणखी एक शत्रु असतो. तो म्हणजे धातु. पत्र्याचें छप्पर, पत्र्याची आडभिंत, लोखंडी कपाट, फ्रीज, स्लॅबमधील सळया व मोठा आरसा हीं सर्व तरंगांस परतवून लावतात. पाण्यानें भरलेलें पिंप तर त्यांस गिळूनच टाकतें. म्हणून डबी कपाटामागें लपवूं नये. छातीइतक्या उंचीवर व शक्य तर दाराच्या उघड्या बाजूस ठेवावी. पुष्कळ वेळां डबी हातभर सरकविल्यानें जें साधतें, तें महागडी डबी घेऊनही साधत नाहीं.

आतां कानाच्या परीक्षेकडे वळूं. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे एक दशांश सेकंदांत ३४ मीटर. पुढच्या खोलींतील संच व मागच्या खोलींतील संच ह्यांत एक दशांश सेकंदाचें अंतर पडलें, तर ऐकणाऱ्यास एक वक्ता जवळ व तोच वक्ता पुन्हां ३४ मीटर दूर उभा राहून बोलत आहे असें भासतें. डोळस मनुष्य पडद्यावरील ओंठांकडे पाहून हा गोंधळ कसाबसा निभावून नेतो. परंतु जो केवळ ध्वनीवर विसंबून आहे, त्याचे शब्द एकमेकांत मिसळतात व संवादाचा धागा तुटतो. इतकेंच नव्हे, तर घरांत कोण आलें, दार कोठें वाजलें, मूल कोणत्या बाजूस रडलें, हेंही तो आवाजावरूनच ओळखतो. दोन संचांचा प्रतिध्वनि घरभर घुमूं लागला म्हणजे त्याची ही ओळखही पुसट होते. डोळसाच्या घरीं जी लहानशी गैरसोय, तीच अंधाच्या घरीं रोजची अडचण होऊन बसते.

ह्यावर उपाय तीन. पहिला, डब्यांची जोडी घेतांना तिच्या विलंबाची चौकशी करावी व अल्प विलंबाची जोडी निवडावी. दुसरा, दोन्ही संचांत चित्र सुधारण्याची जी आपोआप चालणारी क्रिया असते ती बंद करावी. बऱ्याच संचांत खेळासाठीं म्हणून वेगळी योजना दिलेली असते, ती लावली असतां विलंब घटतो. हें न केल्यास, डब्या निर्दोष असूनही वेगवेगळ्या बनावटीचे दोन संच मागेंपुढें बोलूं शकतात. तिसरा उपाय सर्वांत सोपा. मागच्या खोलींत चित्र हवें कीं केवळ आवाज, हें त्या खोलींत बसणाऱ्यास विचारावें. आवाजच हवा असेल तर तारेनें जोडलेला एक लहानसा स्पीकर पुरतो, आणि डब्यांचा सर्व खर्च वांचतो. मात्र हें आपण परस्पर ठरवूं नये. अंध मनुष्याच्या घरीं डोळस मुलें असतात, पाहुणे येतात. त्याला काय हवें तें त्यानेंच सांगावयाचें आहे. नवा संच घ्यावयाचाच असेल, तर पडद्यावरील अक्षरें वाचून दाखविणारी सोय त्यांत आहे कीं नाहीं, हेंही पाहावें.

आणखी तीन गोष्टी दुकानांत सहसा कोणी सांगत नाहीं. एक, एका सेट-टॉप बॉक्समधून दोन संचांवर एकच वाहिनी दिसते. आजीला कीर्तन व नातवाला क्रिकेट पाहिजे असेल, तर डब्यांची जोडी हा तंटा मिटवीत नाहीं. दोन, रिमोटचा अदृश्य प्रकाश भिंतींतून जात नाहीं. म्हणून मागच्या खोलींतून वाहिनी बदलावयाची असेल तर रिमोटची आज्ञा परत पोंचविणारा डोळा जोडीबरोबर आहे कीं नाहीं, तें पाहावें. तीन, कांहीं कार्यक्रमांवर नक्कल रोखणारें बंधन असतें. डबी तें ओळखत नसेल तर पडदा काळा राहतो, व दोष संचाचा असें वाटून मनुष्य भलत्याच दुरुस्तीस पैसे घालतो.

तारेचा तिरस्कारही करूं नये. प्रसार भारतीच्या डी. डी. फ्री डिशला मासिक वर्गणी नाहीं. तिच्या डिशवर दोन तोंडांचें ग्राहक-टोक बसवून दोन तारा खिडकीवाटे दोन खोल्यांत नेल्या व प्रत्येकीस एक बॉक्स जोडला, तर दोन संचांवर दोन वेगळ्या वाहिन्या दिसतात. घरमालक भिंत फोडूं देत नसला तरी खिडकीच्या चौकटीवाटे तार नेण्यास सहसा हरकत घेत नाहीं. तारेस गर्दी नाहीं, घडी नाहीं, शेजाऱ्याचा अडथळा नाहीं.

पावसाळ्याविषयीं दोन शब्द. उल्हास नदीच्या खोऱ्यांत पाऊस कसा कोसळतो हें आपणांस ठाऊक आहे. २७ जुलै २०१९ रोजीं महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकून पडली होती. अशा पावसांत चित्र गेलें तर घरांतील डब्यांस दोष देऊं नये. आकाशांतून डिशवर येणारे तरंग दोनअडीच सेंटिमीटरचे असल्यामुळें मुसळधार पाऊस त्यांस शोषून घेतो. आणि वीजच गेली तर तारेचें साधन व बिनतारी साधन दोन्ही सारखींच मुकीं होतात. घरांत सेलवर चालणारा एक लहान रेडिओ असावा. संकटसमयीं बातमी सांगण्यास तो पुरेसा आहे.

शेवटीं खरेदीची रीत सांगून लेख पुरा करतों. घराचा नकाशा कागदावर काढावा; दोन संचांमधील पावलें व भिंती मोजाव्या; धातूच्या वस्तूंवर खूण करावी. दोन्ही संचांच्या पाठीमागें कोणतीं तोंडें आहेत तें लिहून घ्यावें. मग दुकानीं जाऊन, घरीं न चालल्यास परत घेण्याचें वचन पावतीवर लिहून मागावें. घरीं आणल्यावर रात्रीं आठनंतर, सर्व शेजाऱ्यांचें वाय-फाय चालू असतां, दोन्ही संच एकदम लावावे. एकानें पडद्याकडे पाहावें. दुसऱ्यानें दोन खोल्यांमधील दारांत उभें राहून डोळे मिटावे व पांच मिनिटें बातम्या ऐकाव्या. शब्द स्पष्ट व एकेरी ऐकूं आले तर डब्या ठेवाव्या. दुहेरी ऐकूं आले तर दुसरे दिवशीं परत कराव्या.

ज्या घरीं अंध व्यक्ति असेल, तेथें ही शेवटची परीक्षा तिलाच करूं द्यावी. तिच्याइतका चोखंदळ परीक्षक त्या घरांत दुसरा मिळणार नाहीं.